नाममुद्रेवाचून गाणे : व्हिडिओ गेममधील संगीत आणि त्याचा श्रोता

व्हिडिओ गेममधील संगीतामुळे संगीतकारांना नवे श्रोते मिळतात, हे विधान अलीकडे इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास भासेनाशी झाली आहे. खेळ तयार करणाऱ्या कंपन्या ते करतात. त्यात त्यांचा स्वार्थ उघड आहे. संगीतकारही ते करतात आणि त्यांपैकी कित्येकांचा अनुभव खरोखरच तसा आहे. परंतु 'श्रोता मिळणे' ह्या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ संभवतात, आणि त्या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे ह्या चर्चेत पुष्कळ गोंधळ माजला आहे. एका अर्थाने श्रोता मिळतो तो गाण्यास : कोणाच्या तरी कानावर ते पडते, आवडते, तोंडी बसते. दुसऱ्या अर्थाने श्रोता मिळतो तो गाणे रचणाऱ्यास वा गाणाऱ्यास : ऐकणारा त्याचे नाव जाणतो आणि त्या नावाचा माग काढीत त्याच्या दुसऱ्या रचनेकडे जातो. पहिल्यातून दुसरे आपोआप निष्पन्न होते, असे गृहीत धरले जाते. ते तसे होत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा भेद मराठी वाचकास समजावून सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. जात्यावरच्या ओवीला कर्त्रीचे नाव नसते. ती दळणाच्या लयीशी बांधलेली असते, शेकडो वर्षे लक्षावधी कंठांतून ती गायिली गेली, आणि तरीही ती कोणाची हे कोणी सांगू शकत नाही. अभंगाचे तसे नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचे नाव गुंफलेले असते. ज्याला अभंग पाठ होतो त्याला नावही पाठ होतेच. ह्यालाच आपण नाममुद्रा म्हणतो. ओवीला श्रोते कमी मिळाले असे कोण म्हणेल? पण ते श्रोते ओवीचे. ज्या बाईने ती प्रथम म्हटली तिचे नव्हेत. व्हिडिओ गेममधील संगीताचा विचार करताना मला वारंवार असे वाटत आले आहे की हे संगीत ओवीच्या जातीचे आहे, आणि त्याच्याविषयी दावे मात्र अभंगाचे केले जातात.

ह्या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका घरगुती प्रसंगाने. सन २००८ च्या सुमारास, प्रबंधाच्या कामातून सवड काढून मी सांगलीस बहिणीकडे गेले होते. भाचा त्या वेळी अकरा-बारा वर्षांचा असेल. संगणकावर तो एक खेळ लावून बसे आणि खेळ सुरू होण्यापूर्वी जे गाणे लागे ते संपेपर्यंत पुढे जात नसे. गाणे समूहगानाचे होते, ढोलाच्या ठेक्यावर चढत जाणारे. तो त्याबरोबर मोठ्याने गाई, आणि त्याच्या तोंडचे शब्द मला ऐकू येत ते असे : 'बाबा येतूय'. हे मराठी गाणे आहे का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मराठी नाही गं मावशी, पण एवढं मराठीच आहे." त्याचे वडील तेव्हा नोकरीनिमित्त परगावी असत आणि शनिवारी रात्री घरी येत. सांगली-साताऱ्याकडच्या बोलीत 'येतोय'चे 'येतूय' होते हे वाचकांस ठाऊक आहेच. मुलाने परक्या ध्वनींना आपल्या घरातला अर्थ दिला होता. अनोळखी ध्वनिमालिकेला परिचित शब्दांचे रूप देण्याची ही प्रवृत्ती भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. परंतु ती इतकी आपुलकीने काम करताना मी तोवर पाहिली नव्हती.

ते गाणे 'बाबा येतू'. खेळ होता 'सिव्हिलायझेशन' मालिकेतील चौथा भाग, सन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांपासून आधुनिक काळापर्यंत एखाद्या मानवसमूहाचा कारभार चालवावयाचा, नगरे वसवावयाची, विद्या संपादन करावयाच्या, असा हा बुद्धिबळासारखा डावाडावाने चालणारा खेळ आहे. गाण्याचा रचनाकार क्रिस्टोफर टिन हा अमेरिकन संगीतकार. खेळाचा प्रमुख आराखडाकार सोरेन जॉन्सन हा स्टॅनफर्ड विद्यापीठात टिनच्याच खोलीत राहणारा विद्यार्थी होता, आणि त्या जुन्या ओळखीतून हे काम त्याच्याकडे आले. प्रथम ध्वनिमुद्रण केले ते त्याच विद्यापीठातील टॅलिस्मन ह्या विद्यार्थी-गायकवृंदाने. शब्द आहेत ख्रिस्ती प्रार्थनेचे, 'हे आमच्या बापा' अशा संबोधनाने सुरू होणाऱ्या सुप्रसिद्ध प्रार्थनेचे, स्वाहिली भाषेतील. गाण्यासाठी त्यांची जुळणी क्रिस कियागिरी ह्याने केली. म्हणजे भाच्याने 'बाबा' हा शब्द बरोबर ओळखला होता. स्वाहिलीतही 'बाबा' म्हणजे बापच. 'येतू' हे 'आमचा' ह्या अर्थाचे रूप आहे. (सजीववाचक नामाला येथे खरे तर 'वेतू' हे रूप अपेक्षित असते, परंतु नात्याच्या शब्दांपुढे स्वाहिली 'येतू'च वापरते. व्याकरण सर्वत्रच घरच्या माणसांना थोडी सवलत देते.)

आता गाण्याच्या गुणदोषांकडे वळू. गाणे उत्तम आहे हे प्रथमच सांगितले पाहिजे. एकट्या गायकाने पद उचलावे आणि वृंदाने ते झेलावे ही पद्धत आपल्याकडे भजनी मंडळाने कानाला इतकी सवयीची केली आहे की मराठी श्रोत्यास ह्या गाण्यात परकेपणा वाटू नये. स्वाहिलीतील अक्षरे बहुधा स्वरान्त असतात आणि आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. त्यामुळे 'येतू' हा दोन अक्षरांचा शब्द पुन्हा पुन्हा आला की तो स्वतःच ठेका धरतो. त्याला तालवाद्याने नुसती सोबत करावयाची. मराठीत गाताना 'घर', 'मन' अशा शब्दांच्या अंती लुप्त झालेला अकार आपल्याला परत आणावा लागतो. स्वाहिलीत ती खटपट नाही. टिनने भाषेचा हा गुण अचूक हेरला आहे. प्रार्थनेच्या संथ गद्याला त्याने उत्सवाची गती दिली, आणि ती शब्दांवर लादलेली वाटत नाही.

परंतु ह्या गाण्याचा प्रभाव केवळ त्याच्या रचनेत नाही. ते कोठे ठेवले आहे ह्यातही आहे. ते दारात ठेवले आहे. पडद्यावर पृथ्वीचा गोल दिसतो आणि हे गाणे लागते. खेळणारा दरवेळी ह्याच दारातून आत जातो. शंभर वेळा खेळला तर शंभर वेळा. चित्रपट आपण एकदा, फार तर दोनदा पाहतो. मैफल तर एकदाच होते. एखाद्या नव्या रचनेस इतकी पुनरावृत्ती, आणि तीही श्रोत्याने तक्रार न करता सोसलेली, आकाशवाणीखेरीज दुसऱ्या कोणत्या माध्यमाने मिळवून दिली असेल असे मला वाटत नाही. शिवाय खेळणारा हा स्वस्थ बसलेला श्रोता नव्हे. तो काहीतरी करण्याच्या तयारीत असतो, आणि गाणे त्या तयारीशी जोडले जाते. दळणारीच्या मनात जसा ओवीचा सूर आणि जात्याची घरघर एकच होऊन जाते तसाच हा प्रकार. शब्दांचा अर्थ कळत नाही ही येथे उणीव ठरत नाही, कारण गाण्याचा अर्थ शब्दांतून यावयाचा नसतोच. 'आता आरंभ होत आहे' हा त्याचा अर्थ प्रसंगाने ठरवून दिलेला असतो. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो हे आपण वर्गात शिकवितो. येथे तर संपूर्ण गाण्याचा अर्थ वापरात आहे.

येथेच मात्र माझा आक्षेपही आहे. मानवजातीच्या आरंभाचे चित्र आणि त्यासोबत आफ्रिकी समूहगान, ही जोडी निर्मात्यांना आणि श्रोत्यांना इतकी स्वाभाविक का वाटली? आफ्रिका म्हणजे पहाट, आदिमता, मातीचा वास, ही पाश्चात्त्य मनाची जुनी खोड आहे. स्वाहिली ही तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बंदरांची, व्यापाराची, शहरांची भाषा. अरबी लिपीतून लिहिलेल्या काव्याची शतकांची परंपरा तिच्या मागे आहे. हिंदी महासागर ओलांडून गेलेले 'गाडी', 'लाख', 'चपाती' हे आपले शब्द तिने पचविले आहेत. तिच्यात आदिम असे काही नाही. आणि ह्याच खेळात पुढे गेल्यावर काय ऐकू येते? मध्ययुगापासून पुढचे पार्श्वसंगीत मुख्यतः युरोपीय परंपरेतून निवडलेले आहे, आणि आधुनिक कालखंडात जॉन अ‍ॅडम्स ह्या अमेरिकन रचनाकाराच्या कृती आहेत. आफ्रिका ओटीवर आणि युरोप माजघरात, अशी ही मांडणी आहे. टिनच्या गाण्याचा हा दोष नव्हे. ते जेथे बसविले गेले त्या घराचा आहे. तथापि आपल्याला मिळालेला श्रोता कोणत्या समजुतीसह मिळाला आहे, हे संगीतकाराने विचारले पाहिजे.

जॉन अ‍ॅडम्सचा उल्लेख आला आहे तर त्याच्याविषयीही दोन शब्द लिहितो तो अप्रस्तुत ठरणार नाही. ह्या खेळात त्याचे संगीत तासन्‌तास वाजते. समकालीन वाद्यवृंदाचे संगीत ज्यांनी अन्यथा कधीच ऐकले नसते अशा असंख्य तरुणांनी ते येथे ऐकले. खेळताना मात्र त्याचे नाव पडद्यावर येत नाही. संगीत वाजते, रेल्वे बांधली जाते, कारखाने उभे राहतात, आणि तो लयीचा संथ आवर्त ऐकणाऱ्याच्या मनात 'कारखान्यांचे संगीत' म्हणून नोंदला जातो. हा नवा श्रोता खरा. परंतु अ‍ॅडम्सचा तो झाला का?

टिनच्या बाबतीत पुढे जे घडले त्यामुळे ह्या प्रश्नास निश्चित उत्तर मिळते. खेळ निघाला २००५ मध्ये. चार वर्षांनी, २००९ मध्ये, टिनने 'कॉलिंग ऑल डॉन्स' हा स्वतःचा संग्रह काढला. त्यात बारा गाणी बारा भाषांत आहेत आणि पहिले गाणे 'बाबा येतू'च. पण ते नव्याने मुद्रित केलेले, सोवेटो गॉस्पेल क्वायर ह्या विख्यात वृंदाच्या आवाजात. २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो ह्या दुसऱ्या मुद्रणातील वाद्ययोजनेला, आणि संग्रहासही वेगळा पुरस्कार मिळाला. व्हिडिओ गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेला हा पहिला ग्रॅमी, अशी त्याची ख्याती झाली. ती खोटी नाही. पण तीत एक बारीक गोष्ट दडून जाते. पुरस्कार मिळाला तेव्हा गाणे खेळातून बाहेर आलेले होते. त्याच्या पेटीवर रचनाकाराचे नाव होते. त्याचे स्वरलेखन छापून निघाले आणि देशोदेशीची गायकमंडळे ते नावासकट गाऊ लागली. खेळाने कान दिले. नाव टिनला स्वतः कमवावे लागले, आणि त्यासाठी चार वर्षे खपून एक वेगळी कृती उभारावी लागली. ज्याला हे जमले नाही असा रचनाकार आपल्या कानावर येत नाही, कारण न येणे हेच त्याचे भाग्य आहे.

जाता जाता एक गोष्ट. सोवेटो हे दक्षिण आफ्रिकेतील. तेथे झुलू, सोथो आणि इतर अनेक भाषा नांदतात. स्वाहिली ही तेथील जनभाषा नव्हे. पूर्व आफ्रिकेची प्रार्थना दक्षिण आफ्रिकेच्या वृंदाने, कॅलिफोर्नियात शिकलेल्या संगीतकारासाठी गायिली, आणि जगाने ती 'आफ्रिकेची' म्हणून स्वीकारली. कोणी तंजावरच्या मंडळीकडून पंजाबी शबद गाऊन घेतला आणि तो 'भारतीय' म्हणून गाजला, तर आपण त्यावर काय म्हणू? गायन सुंदर आहे हे मान्यच. वृंद तर आधीच दोन ग्रॅमींचा मानकरी होता आणि ह्या व्यवहारात त्यानेच टिनला मोठेपणा दिला. मात्र नाव पुसले जाते ते व्यक्तीचेच असे नाही, भाषेचेही पुसले जाते, एवढे ध्यानात ठेवावे.

नाव टिकविण्याची युक्ती खेळातच योजता येते हे दाखविणारे उदाहरण म्हणजे २०१२ मधील 'जर्नी'. एक झगाधारी प्रवासी वाळवंटातून दूरच्या शिखराकडे चालतो, एवढेच ह्या खेळाचे कथानक. ऑस्टिन विन्टरीचे संगीत त्याच्या चालण्याबरोबर उमलत जाते. चेलो ह्या वाद्याचा सूर जणू प्रवाशाचाच आवाज असतो. संपूर्ण खेळात मानवी भाषेचा एक शब्द नाही. खेळ संपल्यावर मात्र गाणे येते, लिस्बेथ स्कॉट हिच्या कंठातून, आणि त्यात लॅटिन, ग्रीक, जुनी इंग्रजी, जपानी व फ्रेंच अशा पाच भाषांतील वचने एकत्र गुंफलेली आहेत. महत्त्वाचे हे की गाणे चालू असताना पडद्यावर निर्मात्यांची आणि कलावंतांची नावे सरकत असतात. प्रवास संपलेला आहे, हात मोकळे आहेत, मन भरून आलेले आहे, आणि त्याच क्षणी नावे दिसतात. अभंगाची मुद्रा शेवटच्या चरणात का असते ह्याचे उत्तर मला येथे मिळाले. आरंभी नाव सांगितले तर ते ओळखपत्र होते. शेवटी सांगितले तर ऐकणारा ते घरी घेऊन जातो. ह्या संगीताला त्याच वर्षी ग्रॅमीचे नामांकन मिळाले, आणि तेही चित्रपटांच्या संगीताबरोबर एकाच पंक्तीत. अशा पंक्तीत बसणारे खेळाचे ते पहिलेच संगीत. खेळांच्या संगीतासाठी वेगळा ग्रॅमी पुढे २०२३ पासून देण्यात येऊ लागला.

आतापर्यंत आपण खेळासाठीच रचलेल्या संगीताचा विचार केला. आधीच प्रसिद्ध झालेली गाणी खेळात घेतली जातात तो प्रकार निराळा. १९९९ मधील 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' ह्या चाकफळीच्या खेळात गोल्डफिंगर ह्या वृंदाचे 'सुपरमॅन' हे १९९७ मधील गाणे घेतले होते. दोन मिनिटांचा डाव, तो पुन्हा पुन्हा खेळावयाचा, आणि मोजकीच गाणी. आज ह्या वृंदाचे नाव निघाले की हेच गाणे आठवते, ते खेळामुळे. फुटबॉलच्या 'फिफा' मालिकेने पुढे एक साधी सोय केली : गाणे सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात गायकाचे आणि गाण्याचे नाव काही क्षण दाखवावयाचे. ही दोन ओळींची पट्टी मला फार महत्त्वाची वाटते. ह्या माध्यमाला सापडलेली ती नाममुद्रा आहे. 'गिटार हीरो'ने तर त्याहून पुढे मजल मारली. तेथे यादीतून नाव वाचून गाणे निवडावयाचे आणि मग खेळण्यातल्या गिटारीवर बोटे चालवून ते वाजवावयाचे. २००७ मधील तिसऱ्या भागात ड्रॅगनफोर्स ह्या वृंदाचे एक अतिद्रुत गाणे सर्वांत अवघड आव्हान म्हणून ठेवले होते. ते साधावे म्हणून मुलांनी महिनेच्या महिने घालविले. त्या गाण्याचा खप एकाएकी वाढला, ह्यात नवल कसले? नाव वाचल्यावाचून त्या गाण्यापर्यंत पोहोचताच येत नव्हते.

ह्या सर्वांत भाषाभ्यासकास अधिक आकर्षक वाटेल तो प्रकार 'निअर' ह्या २०१० मधील जपानी खेळाचा. केइची ओकाबे आणि त्याचे सहकारी ह्यांच्या ह्या संगीतातील बहुतेक गाणी अस्तित्वात नसलेल्या भाषांत आहेत. जपानमध्ये राहणारी इंग्रज गायिका एमी इव्हान्स हिने ती गायिली, आणि शब्दही तिनेच घडविले. आजच्या भाषा दूरच्या भविष्यकाळात कशा ऐकू येतील अशी कल्पना करून, कधी फ्रेंचचा, कधी पोर्तुगीजचा, कधी गेलिकचा, कधी जपानीचा ध्वनिस्वभाव घेऊन, तिने निरर्थक पण भाषेसारखे वाटणारे बोल रचले. शास्त्रीय दृष्टीने ही भाषा नव्हे. तिला व्याकरण नाही, कोश नाही. पण ध्वनींची निवड, अक्षरांची घडण आणि आघातांची ठेवण इतकी सुसंगत आहे की ऐकणारा अर्थ शोधू लागतो आणि तो न सापडल्याची हुरहुर त्याला लागून राहते. मानवजात अस्तास जात असल्याची ती कथा आहे. तिला ही हुरहुर शोभते. 'बाबा येतू'मध्ये खरी भाषा असून तिचा अर्थ श्रोत्याने बाजूस ठेवला. येथे अर्थ नसताना श्रोता त्याच्यामागे धावतो. आपल्या तराण्याच्या बोलांशी ह्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण तराण्यातील बोल भाषेचे सोंग आणीत नाहीत.

इव्हान्सला मिळालेले श्रोते तिच्या नावाने मिळाले, हे विशेष. ह्याचे कारण मला असे दिसते की जी भाषा दुसरे कोणीच बोलत नाही, त्या भाषेचा एकमेव बोलणारा कंठ हीच तिची मुद्रा होते. गाणे म्हणून पाहावयाचे तर तिच्या उच्चारांचीच नक्कल करावी लागते, आणि नक्कल ही नेहमी कोणाची तरी असते. २०१७ मधील 'निअर : ऑटोमाटा'मध्ये तिच्याबरोबर दुसऱ्या गायिकेचाही आवाज आला, तरी पहिल्या आवाजाची ओळख पुसली गेली नाही. माझ्या मते ह्या लेखात चर्चिलेल्या कृतींपैकी सर्वांत धाडसी कृती हीच होय.

मराठी रंगभूमीचा अनुभव ह्याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे ह्यांच्या, १९१६ च्या 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखले ह्यांच्या. रागदारी ऐकावयास जो कधी आला नसता तो प्रेक्षक नाटक पाहावयास आला आणि राग घेऊन घरी गेला. पण सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी पद राहिले ते बालगंधर्वांचे म्हणून. चाल कोणाची हे जाणकारच सांगत. जो समोर दिसतो त्याला नाव मिळते. व्हिडिओ गेममध्ये समोर दिसतो तो खेळणाऱ्याचाच प्रतिनिधी असलेला पुतळा. गायकही नाही आणि रचनाकारही नाही. म्हणून तेथे नाव जपण्याची खटपट अधिक हवी.

ही खटपट कोणी करावयाची, हा प्रश्न पैशांच्या व्यवहाराशी येऊन ठेपतो. हेवन १७ ह्या ब्रिटिश वृंदातील मार्टिन वेअर ह्याने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले की 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या नव्या भागासाठी त्यांचे १९८३ मधील 'टेम्प्टेशन' हे गाणे मागण्यात आले होते, आणि पुढील सर्व मानधनाचा हक्क सोडण्याच्या मोबदल्यात साडेसात हजार डॉलर देऊ केले होते. त्याने नकार दिला. त्यावर पुष्कळांनी त्यालाच बोल लावला : एवढे श्रोते फुकट मिळत असता हा नाही म्हणतो! 'श्रोते मिळतील' हे वाक्य येथे मोबदल्याच्या जागी वापरले गेले आहे. मोबदला म्हणून जे द्यावयाचे ते मोजता आले पाहिजे, आणि घेणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे. गाण्याला मिळालेले कान गायकाच्या हाती पडत नाहीत, हे वर आपण पाहिलेच. वेअरचे गाणे चाळीस वर्षांपूर्वीच गाजलेले होते, म्हणून तो नाही म्हणू शकला. ज्याचे नाव अद्याप व्हावयाचे आहे त्याला हा नकार परवडत नाही, आणि नेमकी त्यालाच नावाची पट्टी मागण्याची ताकद नसते.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात येऊन उभा आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ काढला. कथा आपल्या पुराणांच्या वातावरणातली, चित्रे भारतीय, नायिका भारतीय मुलगी. संगीत मात्र लिनोस झेलोस ह्या ग्रीक संगीतकाराचे. त्याने भारतीय वाद्यांना बाल्कन प्रदेशातील संगीताची जोड दिली आहे. ही गोष्ट मी तक्रार म्हणून सांगत नाही. अमेरिकन संगीतकाराने स्वाहिली गाणे करावे आणि ग्रीकाने सारंगी-तबल्याच्या देशाचे, ह्यात कलेच्या दृष्टीने वावगे काही नाही, आणि 'राजी'तील मिश्रण कानाला रुचते. परंतु मुंबई-पुण्यात आज जे तरुण वादक आणि रचनाकार आहेत त्यांनी ह्या दाराकडे केवळ 'श्रोते मिळतील' ह्या आशेने पाहू नये. करारात आपले नाव कोठे येईल, गाण्यासोबत की गाणे संपून गेल्यावर, हे त्यांनी आधी विचारावे.

टिनच्या संग्रहातील एक गाणे संस्कृतात आहे, 'शुक्लकृष्णे' ह्या नावाचे, भगवद्गीतेतील शब्दांवर बांधलेले. मागील वर्षी एम. ए. च्या वर्गात ते मी नाव न सांगता ऐकविले. स्वर इतके लांबविलेले आहेत की पहिल्या ऐकण्यात कोणालाच भाषा ओळखता आली नाही. एकीने ती पोलिश असावी असा तर्क केला. तिसऱ्या खेपेस एका विद्यार्थ्याने 'गती' हा शब्द पकडला आणि मग सर्वांनी मिळून श्लोक जुळविला. त्याच सुमारास भाचा घरी आला होता. तो आता नोकरी करतो आणि रात्री उशिरा खेळतो. 'बाबा येतू' रचणाऱ्याचे हे दुसरे गाणे आहे असे सांगून मी त्याला ते ऐकविले आणि टिनचे नाव सांगितले. सतरा वर्षे जे गाणे त्याला तोंडपाठ होते त्याच्या कर्त्याचे नाव तो प्रथमच ऐकत होता. सहाव्या भागाच्या आरंभी जे इटालियन गाणे लागते तेही ह्याचेच काय, असे त्याने विचारले. ते २०१६ मधील गाणेही टिनचेच आहे, आणि सातव्या भागाचे शीर्षकगीतही, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. "दोन्ही मला इतकी आवडतात, आणि एकाच माणसाची आहेत हे मला कधी वाटलंच नाही," असे म्हणून त्याने ते नाव कागदावर लिहून घेतले.